आमच्या कॉलनीचा वड

कोराडीच्या आमच्या कॉलनीत दवाखाना होता, शाळा होती, गणपतीचं देऊळ होतं, नागपूरला जायला तासातासाला बस होती. फक्त वड नव्हता. वीजकेंद्रासाठी माळरान सपाट करून एकासारखी एक क्वार्टर्स उभी केलेली, आणि मधूनमधून झाडं लावली तीसुद्धा कुण्यातरी साहेबानं नकाशावर टिंबं देऊन लावलेली, गुलमोहर नाहीतर सुबाभूळ. आता गुलमोहराला सूत गुंडाळून नवऱ्याचं आयुष्य मागता येतं का? म्हणून वटसावित्रीच्या आदल्या दिवशी कॉलनीतल्या बायका बाजारातून वडाची फांदी आणत, ती कुंडीत खोचत, आणि सकाळी त्या कोमेजलेल्या फांदीभोवती फेरे मारत. पूजा माझ्या आईलाही तीच करावी लागे, पण तिला हे मुळीच खपत नसे. "झाड तोडाचं आन् मंग त्यालेच म्हणाचं, आमच्या धन्याले जगव! त्याले काही वाटत नसंन का?" असं ती आमच्या मागच्या दारातून ओरडून बोलली, की चार क्वार्टर्सपर्यंत ऐकू जाई. आमची आई मोठ्या आवाजाची बाई होती. प्लांटमधून वाफ सोडली की अख्ख्या कॉलनीचं बोलणं थांबायचं, तिचं थांबत नसे. बाबा म्हणायचे, हिला भोंग्याच्या जागी बसवा, तीन शिफ्टचे लोक वेळेवर येतील.

वटसावित्रीचा उपास आमच्या घरी कडक असे. पूजा होईपर्यंत आई पाण्याचा थेंबही घेत नसे, आणि हे सगळं नागपूरच्या जून महिन्यात, जेव्हा कूलरमध्ये टाकलेलं पाणीसुद्धा तासाभरात उडून जातं. मृगाचे ढग नुसते येऊन बघून जायचे. आई पहाटे उठून अंगण सारवायची, माहेरचं हिरवं लुगडं नेसायची, ताटात पाच आंबे, गहू, काळे मणी, हळदकुंकू, सुताची गुंडी असं लावायची. मी तिच्या मागं मागं. पूजा आटोपून ती घरी आली, की पहिला पेला पाण्याचा मी तिच्या हातात द्यायची, आणि ती तो बसून, डोळे मिटून, अगदी सावकाश प्यायची. मग साबुदाण्याची उसळ, तीत फल्लीचे, म्हणजे शेंगांचे, दाणे भरपूर, बाजूला आलूची भाजी आणि आंब्याचा रस. उपास तिचा असायचा आणि उसळीवर तुटून पडायचे आम्ही, म्हणजे बाबा, मी आणि धाकटा विजू. दुसऱ्या दिवशी रसासोबत कुरडया तळायच्या. त्या कुरडया गच्चीवर वाळवताना त्यांच्यावर बाबांची जुनी लुंगी पसरावी लागे, नाहीतर वरून प्लांटची राख बसे. अजूनही कुठं कुरडई तळताना वास आला, की मी आपली मनातल्या मनात ती राख फुंकते. वय झालं की माणूस असल्या भलत्या गोष्टींना धरून बसतं.

मी तिसरीत होते त्या वर्षी आईनं वडाचा प्रश्न स्वतःच निकालात काढायचं ठरवलं. तिचं माहेर काटोलकडचं. तिथं मामाच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक जुना वड होता. पाऊस सुरू झाल्यावर ती माहेरी गेली आणि येताना त्या वडाखालचं हातभर रोप रॉकेलच्या अर्ध्या कापलेल्या डब्यात घालून घेऊन आली. एसटीत कंडक्टर म्हणाला, बाई, डबा टपावर ठेवा. ती म्हणाली, टपावर तू बस. अख्खा प्रवास तिनं डबा मांडीवर धरला. क्वार्टर्सच्या शेवटच्या रांगेमागं, पाण्याच्या टाकीजवळ, ओल राहते अशा जागी तिनं खड्डा केला, रोप लावलं, भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि आत जायला काट्यांचंच एक लहानसं फाटक ठेवलं. सगळ्या बायका बघायला आल्या. आई कमरेवर हात ठेवून उभी. "माह्या माहेरचा वड आहे. आता फांदीगिंदी आणाची नाही कोणी." शेजारच्या मेश्राम काकूही आल्या होत्या. त्यांचं घर बौद्ध, आजेसासऱ्यांनी नागपूरलाच दीक्षा घेतलेली, त्यामुळे त्या काही वड पुजणार नव्हत्या. पण त्या म्हणाल्या, "राऊतबाई, म्या पुजत नाही, पण एखाद्या दिवशी पाणी टाकून देईन. झाडाले का माहीत कोण्या घरचं पाणी आहे." दोघी हसल्या. त्या दोघींचं फार होतं एकमेकींशी.

दिवाळीनंतर धाकट्या मामाचं लग्न निघालं. आई विजूला घेऊन पंधरा दिवस आधीच गेली. माझी शाळा होती म्हणून मी बाबांजवळ मागं राहिले, लग्नाला आम्ही दोघं एका दिवसापुरतं जाऊन आलो. जाताना आईनं मला दोनच कामं सांगितली. रोज एक बादली पाणी टाकजो, आणि फाटक उघडं ठेवजो नको. पाणी मी टाकलं, खोटं कशाला बोलू. पण एका संध्याकाळी आमचा लिंगोरचाचा चेंडू कुंपणात गेला, मी फाटक सरकवून तो काढला, आणि पुन्हा डाव मांडला तो मांडलाच. सकाळी बादली घेऊन गेले, तर इस्त्रीवाल्याची बकरी कुंपणाच्या आत उभी. खालचा जबडा हलवत माझ्याकडं बघत होती. रोपाच्या जागी बोटभर खुंट उरला होता, तोही सोललेला. मी तिला हाकललं. आईच्या हातचा मार मला नवा नव्हता, त्याचं एवढं नव्हतं. पण तिनं एसटीत तो डबा कसा मांडीवर धरला होता, ते मी बघितलं होतं ना. आणि लग्नघरची आवराआवर करून ती परवा येणार होती.

त्या दिवशी मी शाळेत गेले नाही. कॉलनीच्या मागं एक नाला होता, त्यावर दगडी पूल. त्या पुलाच्या भिंतीतून एक रोप बाहेर आलेलं मला आठवत होतं. पान तसंच हिरवं, चकचकीत. मी पान तोडलं तर देठातून पांढरं दूध आलं. आईनंच मला शिकवलं होतं की वडाचं पान तोडलं की दूध निघतं. झालं, मला तेवढा पुरावा पुरला. दूध पिंपळालाही असतं, उंबरालाही असतं, त्या जातीच्या सगळ्याच झाडांना असतं, हे मला कोण सांगणार होतं? सांडशी आणि खुरपं घेऊन मी दगडांच्या फटीतून ते रोप मुळांसकट उपटलं, हात सोलपटले, आणि नेऊन त्या खड्ड्यात लावलं. वर दोन बादल्या पाणी. फाटक बांधून टाकलं. उंची अगदी तेवढीच होती. पानं जराशी लांबट होती, पण म्हटलं, होतील गोल. बाबा दुपारपाळीवर होते, त्यांना पत्ताच लागला नाही.

आई आली ती पिशव्या ओसरीवर टाकून आधी रोपाकडं गेली. मी दाराआडून बघत होते. तिनं पान बोटांत धरलं, उलटंपालटं केलं. मग मागं वळून म्हणाली, "पान कसं बारीक पडलं वं! राखेनं असंन." आणि मला जवळ घेऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "पण जगवलं माह्या नलूनं." मला वाटलं, आता सांगावं. पण डोक्यावर हात असताना कोण सांगतं? मी नाही सांगितलं. आणि एकदा नाही सांगितलं की मग दुसऱ्या दिवशी सांगणं दुप्पट अवघड होतं, हे मी पुढं मास्तरीण होऊन तीस वर्षं पोरांच्या तोंडांवर रोज वाचत आले.

पुढच्या ज्येष्ठात पहिली पूजा झाली. झाड माझ्या गुडघ्याएवढं. काय तो थाट! वीस-बावीस बायका पैठण्या-शालू नेसून, नथी घालून, त्या गुडघाभर रोपाभोवती कमरेत वाकून सूत गुंडाळताहेत, एकीचा धक्का दुसरीला, आणि "हळू वं, मोडंन!" म्हणून आईचा आरडाओरडा. बाबा नाईट करून आले होते, ते लांबून बघून म्हणाले, या वडाच्या मानानं माझं आयुष्य फुटभरच दिसतं. पण झाड वाढलं. असं सरसर वाढलं की आईला कुठं ठेवू आणि कुठं नको झालं. तीन वर्षांत डोक्यावर गेलं, पाचव्या वर्षी त्याच्या सावलीत बायका बसायला लागल्या. फागुनात सगळी पानं झडून लालसर पालवी यायची. पारंब्या मात्र येईनात. दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, "राऊतबाई, पारंब्या केव्हा येतीन?" आणि आई म्हणायची, "लहान आहे वं अजून. तुह्या पोराले दाढी आली का?" सगळ्या हसायच्या. मी नाही हसायची. पूजेनंतर आई पोथीतली सावित्रीची कथा मोठ्यानं वाचायची, तेव्हा यम सत्यवानाचे प्राण घेऊन निघाला की मी मान वळवून घराकडं बाबा दिसतात का बघायची. कारण मोठी होत गेले तशी मला शंका यायला लागली होती. सहावीत मामाच्या गावी गेले तेव्हा मी धुऱ्यावरच्या वडाचं पान नीट बघितलं. जाड, रुंद, तळहातासारखं. आमचं तसं नव्हतं. मला कळलं. मी कुणालाही बोलले नाही, आणि त्यानंतर दर वटसावित्रीला मी आईच्या मागं ताट धरून उभी असायची आणि मनात म्हणायची, देवा, हिचा उपास लागू पडू दे, चूक माझी आहे.

दहावीचं वर्ष संपलं त्या मे महिन्यात बाबांचे डोळे पिवळे झाले. कॉलनीत लोकांनी सांगितलं, कावीळ आहे, माळ घाला. कन्हानकडं एक म्हातारे माळ देत. काड्यांची लहानशी माळ डोक्यावर ठेवायची, ती वाढत वाढत गळ्यात उतरते आणि कावीळ उतरते म्हणतात. माळ वाढली, बेंबीपर्यंत आली. बाबा मात्र उतरत गेले. आमचे बाबा म्हणजे सारखी चेष्टामस्करी करणारा माणूस, ते अंथरुणावर भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागले, वरणभाताच्या वासानं ओकारी काढायचे. एक दिवस ते मला 'बाई' म्हणाले, ओळखलंच नाही. मग मात्र आई कुणाचं ऐकेना. नागपूरला धंतोलीतल्या एका दवाखान्यात त्यांना भरती केलं. यकृताला सूज आहे, म्हणाले डॉक्टर, पुढचे तीन-चार दिवस बघावे लागतील. "बघावे लागतील" म्हणजे काय, हे आईनं विचारलं नाही. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, त्या दवाखान्यात तिचा आवाज मी ऐकलाच नाही. ती तिथंच राहिली, मी विजूला सांभाळून घरी. जेवायला मेश्राम काकूंकडं. आणि मला रात्रंदिवस एकच दिसत होतं, ते टाकीजवळचं झाड.

डॉक्टरांनी दिलेल्या त्या चार दिवसांतच वटसावित्रीची पौर्णिमा आली. आई सकाळच्या पहिल्या बसनं कोराडीला आली. दवाखान्यात कुणीतरी तिला म्हणालं होतं, बाई, इथंच जवळ कुठं वड असेल. ती म्हणाली, नाही, माझा वड आहे. आदल्या रात्रीपासून पाणी नव्हतं पोटात. डोळे खोल गेलेले, तरी तिनं तेच हिरवं लुगडं नेसलं, तसंच ताट लावलं, आणि आम्ही टाकीजवळ गेलो. बायकांनी तिला पुढं जाऊ दिलं. तिनं बुंध्याला हळद लावली, कुंकू लावलं, हात जोडले, आणि सुताची गुंडी सोडून पहिला फेरा सुरू करणार एवढ्यात मागून आवाज आला. "अरे, ये क्या पूज रहे हो तुम लोग?" कॉलनीतल्या पांडे वहिनींची सासू होती. बालाघाटच्या जंगलाकडची म्हातारी, चार दिवसांपूर्वीच सुनेकडं राहायला आलेली. ती काठी टेकत झाडापाशी गेली, खालची एक फांदी ओढून पान चेहऱ्याशी नेलं. "ये बड़ थोड़ी है. ये तो पाकड़ है, पाकड़. हमारे यहाँ इसके नीचे ढोर बाँधते हैं." पांडे वहिनी तिचा पदर ओढत होत्या, अम्मा, चुप रहो, पण म्हातारी खरं बोलायचं थांबणाऱ्यांतली नव्हती. पाकड म्हणजे वड-पिंपळाच्याच जातीतलं दुसरं झाड; तिनं त्याचं खोड दाखवलं, पानांचे लांब देठ दाखवले, सात-आठ वर्षांचा वड असता तर एव्हाना कुठंतरी पारंबी फुटली असती, असं म्हणाली. म्हातारीचा काही दोष नव्हता. तिला कुठं माहीत होतं, समोरच्या बाईचा नवरा धंतोलीत पडलाय.

आईच्या हातात सूत तसंच होतं. तिनं झाडाकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. मग इतक्या हळू आवाजात बोलली की जवळच्या दोघी-तिघींनाच ऐकू गेलं असेल. "मंग एवढे साल म्या कोणाले फेरे मारले?" तिनं सूत गुंडाळलं, ताट उचललं आणि घरी आली. मी पाण्याचा पेला भरून पुढं केला. तिनं मानेनंच नाही म्हटलं. पूजा झाली नव्हती ना. तिचं लगेच चालू झालं, बस केव्हा आहे, यायले, म्हणजे बाबांना, औषध द्याची वेळ झाली. मेश्राम काकूंनी विजूला आपल्याकडं घेतलं आणि मला दाराबाहेर ढकललं. "जा वं तिच्यासंग. पोटात पाणी नाही तिच्या, रस्त्यात पडंन." बसमध्ये ती खिडकीकडं बसली. बाहेर ऊन असं पेटलेलं, की खिडकीच्या गजाला हात लागला तर चटका बसत होता. सीताबर्डीपर्यंत ती ओठांवरून जीभ फिरवत होती, आणि जीभही कोरडीच होती. मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं.

दवाखान्यात बाबा जागे होते. त्या दिवशी त्यांनी मला ओळखलं. आईचे ओठ फुटलेले बघून ते म्हणाले, "अवं, झाली ना पूजा? मंग पाणी पी." आई म्हणाली, नाही झाली. कुठं वड आहे का बघून येते. एवढं बोलून ती उठली आणि उठताना तिचा तोल गेला, तिनं पलंगाचा गज धरला. बाबा उठायला बघत होते, सलाईनची नळी ताणली गेली. "पाणी पी ना वं! काहून जीव घेऊन राहिली माहा?" ती म्हणत होती, पूजा केल्याशिवाय नाही, आजच्या दिवशी नाही. आणि मला वाटलं की आता हे दोघंही माझ्यासमोर मरणार, माझ्या एका चेंडूपायी.

"आई, थे रोप मी बदललं होतं," मी म्हटलं.

तिला कळलंच नाही. कोणतं रोप, म्हणाली. मग मी सगळं सांगितलं. चेंडू, फाटक, बकरी, नाल्यावरचा पूल, पानातलं दूध. सांगताना मी तिच्याकडं बघत नव्हते, बाबांच्या चादरीवरच्या निळ्या शिक्क्याकडं बघत होते. सांगून झालं. आणि मग बाबांच्या छातीतून खरखर असा आवाज यायला लागला. मी घाबरले. पण ते हसत होते. कितीतरी दिवसांनी हसत होते. "म्हणजे... म्हणजे पाकडाच्या भरवशावर म्या एवढ्या नाईटा काढल्या?" आणि पुन्हा हसू. "हसू नका," आई म्हणाली. तिनं माझ्याकडं वळून बघितलं. मी गाल तयार ठेवला.

"तिसरीत होती तू," ती म्हणाली.

"हो."

"आन् मंग दरसाल माह्यामागं ताट धरून उभी राहत होती?"

"हो."

"भेव नाही लागलं तुले?"

तोपर्यंत मी रडले नव्हते. त्या प्रश्नानं माझा बांध फुटला. मी म्हटलं, लागत होतं, रोज लागत होतं, बाबांना काही झालं तर ते माझ्यामुळंच होणार, मला माहीत होतं, आणि आता झालंच. शेजारच्या पलंगावरचे लोक बघायला लागले.  आई कोपऱ्यातल्या मडक्याकडं गेली, पेला बुडवला, आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बसली नाही, डोळे मिटले नाहीत. उभ्यानं, माझ्याकडं बघत, तिनं तो सगळा पेला घटाघटा पिऊन टाकला. थोडं पाणी हनुवटीवरून त्या हिरव्या लुगड्यावर सांडलं. बाबांचं हसू थांबलं. "अवं, पूजा..." ते म्हणाले.

"ऐक," आई मला म्हणाली. "आता यायले काही झालं, तं म्या उपास मोडला म्हणून झालं. तुह्या बकरीनं नाही. समजलं? आता थे माह्यावर आहे. तू मोकळी."

मी मोकळी झाले. पंधरा वर्षांची पोर, खरंच मोकळी झाले, आणि त्या संध्याकाळी मेश्राम काकूंकडं दोन भाकरी जास्त खाल्ल्या. याची लाज मला फार उशिरा वाटली. कारण तेव्हा मी समजले होते की आईचा त्या उपासावरचा विश्वास उडाला, म्हणून ती पाणी प्यायली. छे! तिचा विश्वास तसूभर कमी झाला नव्हता. आजच्या माझ्या सुनेसारखी ती "असं काही नसतं हो आई" म्हणणाऱ्यांतली नव्हती. तिला पक्कं वाटत होतं की उपास मोडला की नवऱ्यावर बेततं, आणि ते पक्कं वाटत असतानाच तिनं तो पेला तोंडाला लावला. पुढचे दिवस तिनं बाबांच्या पलंगाशी कसे काढले असतील, याचा विचार मी स्वतः आई झाल्यावर पहिल्यांदा केला, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बाबांनी तिसऱ्या दिवशी भूक लागली म्हटलं. पेज मागितली. डॉक्टरांनी मान डोलावली. पंधरा-वीस दिवसांनी आम्ही त्यांना घरी आणलं. वजन निम्मं झालं होतं, पण बस कोराडीला वळताच ते कंडक्टरची नक्कल करायला लागले, तेव्हा आईनं पदर तोंडाला लावला आणि खिडकीबाहेर तोंड करून पोटभर रडून घेतलं.

बाबांना बघायला कॉलनीतल्या बायका आल्या. सगळ्या आमच्या ओसरीवर दाटीवाटीनं बसल्या. चहा झाला, तब्येतीची चौकशी झाली, आणि मग एकीनं तो विषय काढलाच. माहेरून आणलेला वड पाकड कसा निघाला, राऊतबाई? रोप कुणी बदललं का? मी चहाची कपबशी हातात घेऊन आतल्या दारात उभी. आई माझ्याकडं ढुंकूनही न बघता तिच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाली, "कोण बदलते? मीच चुकली. धुऱ्यावर दोन रोपं होती, म्या भलतंच उचललं. डोळे कुठं होते माहे, कोण जाणे." बायका हसल्या. शेतकऱ्याची पोर आणि वड ओळखता येत नाही! तेव्हापासून पुढं कितीतरी वर्षं, ती माहेराहून आली की कुणीतरी हटकून विचारायचं, राऊतबाई, पिशवीत आंबेच आहेत ना, का नुसते आंब्यासारखे दिसणारे आहेत? आई हसण्यावारी न्यायची. कधी एकदाही तिनं माझ्याकडं बोट दाखवलं नाही. पुढच्या वटसावित्रीला सगळ्या जणी ट्रॅक्टरमध्ये बसून शेजारच्या गावातल्या वडाला गेल्या, त्यात तीही गेली, मागच्या कोपऱ्यात बसून. कॉलनीतलं पुढारपण तिनं सोडून दिलं होतं.

आता आई नाही, बाबाही नाहीत. बाबा चांगले म्हातारे होऊन गेले. मेश्राम काकू आहेत, कान गेलेत त्यांचे. पांडे वहिनी मुलाकडं रायपूरला असतात म्हणे. बाकीच्या कुठं कुठं असतील मला माहीत नाही, पण कुणाची नात-सून वाचून दाखवत असेल तर त्यांनी एवढं ऐकून घ्यावं. बायांनो, माझ्या आईला झाडं ओळखता येत होती. काटोलहून मांडीवर धरून तिनं जे रोप आणलं होतं, तो वडच होता.